कुंपणापलीकडचे कांदे

सकाळी उठल्यावर मारीचं पहिलं काम म्हणजे कुंपणाच्या भोकातून शेजारच्या फान्शच्या वाफ्यात डोकावायचं. तिच्या सफरचंदाची फांदी त्यानं छाटली, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. पण शॅलटचे बारके कांदे कधी लावायचे हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या डोंगरगावात फान्शइतकं कुणाला कळत नाही, एवढं तिला मान्य होतं. लवकर लावावेत तर हिवानं जमीन फुगते आणि कांदे उखडून वर येतात. उशीर करावा तर पोसत नाहीत. फान्श लावी त्याच दिवशी तीही गुपचूप लावी.

यंदा तिचा जीव टांगणीला लागला होता. आईपासून चालत आलेलं बेणं माळ्यावर उंदरांनी खाल्लं आणि एकच टोपली वाचली. ती गेली की वाणच संपला.

मार्च उजाडला न उजाडला तोच फान्श दोरी लावून वाफ्यात वाकलेला दिसला. एवढ्या लवकर? पण आपल्यापेक्षा त्याच्यावरच तिचा भरवसा जास्त. दुपारपर्यंत तिनं टोपली रिकामी केली.

चौथ्या रात्री असं हिव पडलं की हौदातलं पाणी दगड झालं. सकाळी बघते तर निम्मे कांदे उघडे पडलेले. तिला रडूच कोसळलं. मग राग आला, आणि ती तडक कुंपणापाशी गेली.

"फान्श्या, मुडद्या, कसली घाई झाली हुती तुला?"

फान्श गुडघ्यांवर बसून आपले कांदे परत मातीत दाबत होता.

"मला काय इचारतीस? टोपली तूच काडलीस न्हवं अंगनात?"

"दर सालाला माळा झाडताना काडते. यंदा उंदरं लागली, म्हनून लवकर काडली. तिचा हितं काय संबंध?"

फान्शचा हात थांबला. "तुजी टोपली भाईर आली की मी लावतो. तीस वर्सं झाली. बा सांगून गेलाय, मारीच्या आईवर नजर ठिव, तिला हिवाचं बराबर कळतंय."

मारी आपल्या वाफ्यापाशी गुडघे टेकून बसली.

"आई तर म्हनायची, फान्शच्या बाकडं बघ."

मग मारीनं एक कांदा उचलला, झटकला आणि अंगठ्यानं मातीत दाबला.

"जगलं तर बघू," ती म्हणाली. "पर म्होरल्या साली माळा कवा झाडायचा, त्ये तेवढं तूच सांग बाबा."