नसरीनभाभींच्या फळ्यावरचा ऑइलपेंट

गफ्फारभाईंची मुलगी जेबा जन्मली त्या वर्षी त्यांनी मला भंगारातून उचललं. म्हणजे साल २००३. मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझा जन्म फळा म्हणून झाला नाही. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर माणसं कोंबून धावणाऱ्या एका जीपचं मी बॉनेट होतो. माझ्यावर टोपल्या आदळल्या, पोरं बसली, इंजिनाच्या वाफेनं पोट भाजलं. अक्षरांशी माझा काही संबंध नव्हता. ती मला उतारवयात भेटली.

जीप पुलाच्या कठड्याला धडकून भंगारात निघाली. गफ्फारभाई मेकॅनिक. त्यांच्या बायकोला, नसरीनभाभींना, फळा हवा होता. म्हणून त्यांनी मला भंगारवाल्याच्या गाडीवरून परत ओढलं, ठोकलं, घासलं, खडू धरेल असा काळा रंग दिला आणि दारव्ह्यातल्या आपल्या गॅरेजमागच्या टिनाच्या शेडमध्ये तारेनं टांगलं. मधला उंचवटा मात्र गेला नाही. माझ्यावरची प्रत्येक ओळ घाट चढून उतरते. इथे शिकलेल्या बाया साध्या कागदावरही तशीच वाकडी ओळ लिहितात. त्याबद्दल मला कोणी बोल लावला नाही.

आज मात्र मी रागात आहे. मुलांना रागाची गोष्ट सांगू नये म्हणतात. मी सांगणार आहे.

नसरीनभाभी दहावी शिकलेल्या. घरात तनवीर आणि जेबा ही दोन मुलं, खाटेला खिळलेली सासू सुग्राबी, गॅरेजमधल्या कामगारांचा चहा. एवढं उरकून दुपारी त्या बायांना वाचायला शिकवत. त्यांची रीत वेगळी होती. गवंड्याच्या हाताखाली काम करणारी कौसल्या पहिल्या दिवशी म्हणाली, "भाभी, माह्यं नाव लिहून द्या. सही आली म्हणजे झालं."

"तुह्यं नाव तुले माहीत नाही का?"

"माहीत आहे ना."

"मंग ते वाचून नवीन काय भेटन? जे माहीत नाही ते वाच." आणि त्यांनी माझ्यावर पहिला शब्द लिहिला, दिग्रस. मग बसच्या इतर पाट्या, मग गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना, मग फवारणीच्या डब्यावरचा इशारा. भाकरी थापायची वेळ झाली की त्या चुलीपाशी जात, पण कान इकडेच असे. "कौसल्या, अर्धं गिळलं तू. मागं जाय."

खाटेवरून सुग्राबी टोमणा मारायची, "ह्या बाया घरी सैपाक करतात का नाही?" पुढे तीच विचारू लागली, "आज काय लिवलं ते सांग मले."

पावसाळ्यात शेड गळायची. भाभी गावातल्या एका मोठ्या माणसाकडे खोली मागायला गेल्या. तो म्हणाला, "बायांना आता वाचून कलेक्टर व्हायचं आहे का?" भाभींनी हे घरी येऊन हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. हा माणूस लक्षात ठेवा.

सगळ्यांत शेवटी आली भुरीबाई. तांड्यावरून येऊन आठवडी बाजारात भाजी विकायची. एकदा यवतमाळच्या स्टँडवर ती भलत्याच बसमध्ये बसली होती आणि सगळी बस हसली होती. तिची एकच इच्छा होती. "राजूरले लेकीकडं एकटीनं जाईन. कोणाले विचारणार नाही." साधी अक्षरं तिला आली. जोडाक्षरं राहिली होती. तेवढ्यात लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला. भुरीबाई निघाली. राजूर वणीजवळ, म्हणून 'वणी' ही पाटी स्वतः वाचून बसमध्ये चढली.

ती तिकडे असताना भाभींना ताप आला. "उद्या जातो दवाखान्यात," असं म्हणत त्यांनी भाकरी केल्या. घरच्यांनी त्या खाल्ल्या. बाया आल्या, शिकून गेल्या. ज्या बाईनं गावाला गोळ्यांची पाकिटं वाचायला शिकवलं, तिच्या कपाळाला कोणी हात लावून पाहिला नाही. मला हात नाहीत. ज्यांना होते त्यांच्यावर माझा राग आहे.

मग भाभींचीच शोकसभा झाली. तोच मोठा माणूस पुष्कळ वेळ बोलला. त्याच्याच सांगण्यावरून तनवीरनं पेंटर आणला होता. पोराचा हेतू वाईट नव्हता, तो रडत होता. पेंटरनं मला चकचकीत ऑइलपेंट दिला, कडेनं गुलाब काढले, मध्ये लिहिलं, 'वाचनमाता यांना विनम्र अभिवादन.' लोकांनी मला हार घातला, फोटो काढले. कौसल्येनं खडू टेकवला तर तो घसरला. तेव्हापासून वाचन बंद. मी नुसता लटकत होतो. जीपवर असताना निदान कामाचा होतो.

भुरीबाई परतली ती शेडच्या बाहेरूनच बोलत आली. "भाभी, मी एकटीनं गेली अन् एकटीनं आली."

कौसल्येनं तिचा हात धरून तिला सांगितलं. भुरीबाई आत येऊन माझ्यासमोर बसली. मग माझ्याकडे बघून वाचू लागली, "वा-च-न-मा-ता. हे कोण व?"

"आपली भाभी."

"मंग भाभी काहून नाही लिवलं? अन् ते गुलाब कायले? कवा गेली ते कुठं लिवलं हाये?"

कुठंच नव्हतं.

गफ्फारभाई दारात उभे होते. ते आत गेले, पॉलिश पेपर आणि पाण्याचा डबा घेऊन आले, हार काढला आणि मला घासायला लागले.

तनवीर धावत आला. "अब्बा, अम्मीसाठी लिहिलं ते. लोकं काय म्हणतीन?"

"हे वाचून तुले तिच्याबद्दल नवीन काय समजलं?" त्यांनी मान वर केली नाही. "सरक. पाणी आण दुसरं."

तनवीरनं डबा रिकामा केला. मग त्यानं पाणी आणलं आणि दुसऱ्या बाजूनं घासायला बसला. मला खरचटलं, दुखलं. इतकं बरं मला वीस वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा खडू धरणारा काळा रंग दिला.

मित्रांनो, ज्यानं तुम्हाला वाचायला शिकवलं त्याला हार घालू नका. तो जिवंत असताना त्याच्या कपाळाला हात लावून बघा. आणि फळ्याला खडू आणा.

रंग वाळल्यावर कौसल्येनं माझ्यावर एक ओळ लिहिली. भुरीबाईनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि उंचवट्यापाशी अडखळली.

"अर्धं गिळलं तू," कौसल्या मागून म्हणाली. "मागं जाय."

भुरीबाई मागे गेली. जोडाक्षरं एकेक सोडवत तिनं पूर्ण ओळ वाचली:

नसरीन गफ्फार शेख शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी दारव्हा येथे वारल्या.