ड्रोनला वानोळा

सरकारी दवाखाना आणि नाशिकची एक खासगी कंपनी यांचं सूत जमलं, आणि हरसूलच्या डोंगरातल्या पाड्यांवर ड्रोनने औषधं पोचवायचं ठरलं. औषधं सरकारची, यंत्र कंपनीचं. वीस-बावीस वर्षं हेच काम खांद्याला लसीची पेटी अडकवून पायी करणाऱ्या सोमाला कुणी काही विचारलं नाही. उलट साहेब हसून म्हणाले, "सोमा, चाचणी जमली की तुझी पायपीट संपली. दवाखान्यात खुर्चीवर बस." खुर्ची मिळाली की लोकांना बाळसं चढतं; सोमाचं तोंड मात्र एवढंसं झालं.

आज एका पाड्यावर ती चाचणी होती. फसली, तर कंपनी यंत्र दुसऱ्या तालुक्यात नेणार होती. कंपनीची आरोही सकाळीच सोमाबरोबर तिथे आली होती. "सोमाकाका, परत जाताना ड्रोनच्या पेटीत फक्त रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या हं. वजन वाढलं तर हे उडणारच नाही," तिने बजावलं.

ड्रोन घोंघावत उतरला. लसी काढून घेतल्या, नमुने ठेवले. फोनला रेंज मिळेना म्हणून आरोही टेकाडावर गेली आणि तिच्यामागे सगळी पोरंटोरं. तेवढ्यात म्हातारी सावित्रीबाई पदर सावरत आली. नागलीच्या पिठाची पुरचुंडी तिने पेटीत सारली, झाकण लावलं आणि मोठं काम उरकल्यासारखी आपल्या ओट्यावर जाऊन टेकली. सोमाशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

त्याला हसू आलं. या पाड्याची रीतच ती. औषध घेऊन आलेल्याला वानोळा दिल्याशिवाय धाडायचं नाही, मग तो माणूस असो की यंत्र. सोमाची पेटी येताना हलकी आणि जाताना जड असायची. कधी वालाच्या शेंगा, कधी रानभाजी, कधी पाडाचे आंबे. आधी चुलीपाशी कोरा चहा, मग कुणाची सोयरीक जमली, कुणाची म्हैस व्याली, हे सगळं ऐकायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. यंत्र अडलं असतं, कंपनीने गाशा गुंडाळला असता आणि पुढच्या बुधवारी सोमा पुन्हा ही वाट चढला असता. कुणी त्याला बोल लावला नसता.

त्याची नजर खाली नदीकडे गेली. एका श्रावणात इथे गॅस्ट्रोची साथ आली होती. नर्सबाई पाड्यावर अडकलेल्या, त्यांच्याजवळचं औषध संपलेलं, आणि सोमा सलाइनच्या बाटल्या घेऊन पलीकडच्या काठावर. नदीला पूर. दिवसभर तो पाणी उतरायची वाट पाहत बसला. संध्याकाळी पाड्याकडून रडणं ऐकू आलं. सावित्रीबाईची धाकटी लेक गेली होती. त्यानंतरही या बाईने त्याला कधी रिकाम्या हाताने परत धाडलं नव्हतं.

सोमा उठला आणि त्याने पुरचुंडी बाहेर काढली.

आरोही खाली आली, तिने बटण दाबलं आणि ड्रोन डोंगरापलीकडे दिसेनासा झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोमा पुरचुंडी घेऊन ओट्यापाशी आला.

"त्याला रिकामंच धाडलंस?" सावित्रीबाईने विचारलं.

"वजन झालं का ते उडत नाय, वैनी."

"पूर आला तरी येल का ते?"

"येल. त्याला नदी आडवी येत नाय."

तिने नदीकडे पाहिलं. मग पुरचुंडी तिने सोमाच्याच हातात कोंबली. "मंग बरं झालं. औषध येल. पन तू कवा येशील?"

आजवर सोमाचा वार ठरलेला असायचा, हा प्रश्न त्याला कधी कुणी केलाच नव्हता.

"बोलावशील तवा," तो म्हणाला.

"येवढ्या वर्सांत कवा बोलावलं व्हतं तुला?" सावित्रीबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.