रिकाम्या खाचेची रेघ

मीना जळत होती, आणि खरं सांगायचं तर जळायचा तिला हक्कच होता. केदारखेड्याहून रोज एसटीनं जालन्याला कॉलेजात येऊन तिनं तीन वर्षं प्रयोगशाळेतल्या भट्टीपुढं काढली, आणि नवा खडा कुणाला? तर स्वराला! कालची पोर. बाप बँकेत साहेब, स्कुटीवर येते, आल्या आल्या मार्गदर्शक जगन्नाथ सरांची लाडकी!

खडा म्हणजे नखाएवढा, काचेसारखा स्वच्छ मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिक. तांब्याची तार तापली की वीज न्यायला कुरकुर करते. ह्याचं उलटं. गार असताना तो वीज मुळीच सोडत नाही, पण भट्टीत लालबुंद तापवला की जरा जरा सोडायला लागतो. किती तापल्यावर किती सोडतो, ते मोजायचं आणि कागदावर रेघ काढायची. मीनाची रेघ जुन्या, तडकलेल्या खड्यावरची. तिच्यावर प्रबंध लिहून झाला होता, पुढच्या आठवड्यात द्यायचा होता.

आणि सर काय म्हणाले? "स्वराची रेघ नीट आली तर हैदराबादच्या परिषदेला तिलाच पाठवू. मीना, तू समजून घेशील." समजून घेशील! समजून घ्यायचा ठेका काय मीनानंच घेतला होता?

सोमवारी स्वराचा पहिला प्रयोग होता. सरांच्या प्रयोगशाळेत नवं काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नसे. स्वरानं होल्डरमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या नळीच्या टोकाला, दोन पट्ट्यांमधल्या खाचेत खडा बसवला, भट्टीला कुंकू लावलं, आणि सगळे नारळ फोडायला व्हरांड्यात गेले. मीना मागं राहिली. तिनं चिमट्यानं खडा काढला, रुमालात बांधला आणि रिकामा होल्डर भट्टीत आत सारून दिला. घे, मोज आता हवा! मग बाहेर जाऊन तिनं हसतमुखानं खोबरं खाल्लं.

भट्टी दुपारभर तापत राहिली. मीना कोपऱ्यात वहीत डोकं घालून बसली होती, पण कान सगळे मीटरकडं. आकडा शून्यावरून हलणार नाही, पोरगी रडकुंडीला येणार, सर चिडणार.

चारच्या सुमाराला स्वरा ओरडलीच. "मीनाताई! इकडे या ना लवकर!"

मीना तोंड गंभीर करून उठली. "काय झालं बाई? न्हाई येऊन राह्यलं का?"

"आलं ना! बघा तरी. अगदी तुमच्याच रेघेवर बसलं! सर, खडा वेगळा, माणूस वेगळं आणि रेघ तीच. ताईंचं काम किती पक्कं आहे! मला तर रात्रभर झोप नव्हती, त्यांच्याएवढं जमेल का म्हणून."

मीनानं कागद बघितला. एकेक ठिपका तिच्या रेघेवर. खाच रिकामी, आणि रेघ तीच! खाचेला धरून ठेवणारी चिनी मातीची नळी, तीही त्याच जातीची. तापली की तीही वीज सोडत होती. तीन वर्षं मीनानं खडा मोजलाच नव्हता, नळी मोजली होती. रिकामी खाच एकदा तापवून बघावी, एवढी साधी गोष्ट तिला कधी सुचली नव्हती. आज सुचली तीही पापापोटी.

"वा!" सर म्हणाले. "मग दोघीही चला हैदराबादला."

कुणाला काही कळणार नव्हतं. उद्या भट्टी निवली की खडा गुपचूप ठेवता आला असता. पण स्वरानं तोच कागद प्रबंधाला जोडायला म्हणून तिच्या हातात दिला, आणि मीनाला तो धरवेना.

तिनं रुमालाची गाठ सोडली आणि खडा टेबलावर ठेवला.

"सर, खडा हा हाय. सकाळपासून माझ्यापाशीच व्हता. म्याच काढला."

सर खड्याकडं, मग भट्टीकडं, मग कागदाकडं बघत राहिले. "म्हणजे तुझा प्रबंध, मीना..."

"गेला, सर," मीना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पण एवढं होऊनही तिच्या मनात आलंच, की आता हा खडा नीट मोजून हैदराबादला ही मेली एकटीच जाणार.