मोकळं आहे, या

पाठमोरे यांनी गंजक्या पिंपाला पाठ टेकवली आणि दोन्ही गुडघे छातीशी ओढून घेतले. पिंपाच्या पलीकडच्या अंगावर फट्ट असा आवाज झाला. पाठोपाठ आणखी दोन झाले, आणि पिवळा रंग कडेवरून ओघळत त्यांच्या खांद्याशेजारी टपकू लागला. मुखवट्याची काच त्यांच्याच श्वासाने धुरकट झाली होती. ती आतून पुसावी म्हणून त्यांनी हनुवटीखाली बोटे घातली.

"मुखवटा काढायचा नाही!" पंच कुंपणापलीकडून ओरडला. "डोळा जाईल!"

पाठमोरे होते तसे थिजले.

हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. काचेच्या कारखान्यात नियमच तसा होता. कोणीही ओरडले की पाऊल उचललेले असेल तर उचललेलेच ठेवायचे, कारण हातात काच असताना दचकून हललेला माणूस स्वतःही कापला जातो आणि दुसऱ्यालाही कापतो. आज सुटी म्हणून कारखान्यातल्यांनी रंगाच्या गोळ्या झाडण्याचा खेळ मांडला होता. पहिल्या डावात समोरच्या चौकटवाल्यांनी, म्हणजे त्याच कारखान्यात ॲल्युमिनियमच्या चौकटी बनवणाऱ्यांनी, नेमका ह्याचाच फायदा घेतला होता. त्यांच्यातला एक जण "थांबा!" असे खणखणीत ओरडला, आणि आडोशाला असलेले पाठमोरे व त्यांचा साडू सोडून काचवाले तिघेही भर मैदानात पुतळ्यांसारखे उभे राहिले. मग त्यांना सावकाश, एकेकाला निवडून, पिवळे करण्यात आले.

"अरे, पळा की गाढवांनो!" मुकादम कपाळावर हात मारून म्हणाले होते. "इथं काय फुटणार आहे?"

सगळे हसले होते. पाठमोरेही हसले होते. परंतु त्यांचे मन सकाळपासून थाऱ्यावर नव्हते, आणि त्याचे कारण केवळ ही रंगाची बंदूक नव्हती.

सोमवारी एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर माणसाहून उंच अशी काच जिन्याने चढवायची होती. अशा कामाला दोन माणसे लागतात. वरच्या टोकाचा माणूस पाठमोरा चढतो. त्याने काचेच्या खालच्या कडेवरून नजर हलवायची नसते, कारण काच कलते आहे की नाही हे ती कडाच सांगते. खालच्या टोकाचा माणूस त्याच्या वतीने पाहतो आणि सांगतो: पायरी, वळण, मोकळं आहे, या. सहा वर्षे वरचे टोक पाठमोरे यांच्याकडे होते. खरे आडनाव निराळे असूनही कारखान्यात त्यांना ह्याच नावाने हाक मारीत. खालचे टोक त्यांच्या साडूकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे होते.

दोन महिन्यांपूर्वी अशाच एका जिन्यावर पाठमोरे यांची टाच अडखळली आणि काच फुटली. पोटरीला अकरा टाके पडले. पाय चुकला, असे सर्वांनी म्हटले, आणि त्यांनीही ते मान्य केले. तेव्हापासून घरातला उंबरठा ओलांडतानाही ते खाली पाहत. ह्या भीतीची वाच्यता त्यांनी बायकोजवळसुद्धा केली नव्हती. आज खेळ संपला की मुकादमांना गाठून सांगायचे, मला खाली काचेच्या पॉलिशला बसवा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. सहा वर्षांच्या नावावर पाणी सोडायचे, एवढेच.

"साडूभाऊ!" बाजूच्या लाकडी फळ्यांच्या आडून आवाज आला. "मोकळं आहे, या!"

पाठमोरे यांचे अंग आपोआप उठले. ह्या आवाजाचा हुकूम त्यांचे पाय डोक्याला न विचारता पाळीत. तथापि आज भीतीने त्यांना मान वळवायला लावली. एवढ्या वर्षांत काम करताना, नजर कडेवर असल्याने, त्या आवाजाच्या चेहऱ्याकडे त्यांनी कधीच पाहिले नव्हते.

साडू फळ्यांच्या फटीशी मैदानाकडे तोंड करून बसला होता. त्याचे खांदे कानांना भिडले होते. मुखवट्याच्या काचेआड त्याचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते, लहान मूल सुई टोचून घेताना मिटते तसे.

"या की! मोकळं आहे!" मिटल्या डोळ्यांनी तो पुन्हा म्हणाला.

पाठमोरे यांच्या बरगडीवर फाडकन गोळी बसली. कळ आली, आणि गेलीही. तिच्याविषयी पिंपाआड बसून जेवढी धास्ती घेतली होती तिच्या पावपटही ती नव्हती. हात वर करून ते मैदानाबाहेर पडले.

मध्यंतरात सारे जण नळाजवळच्या बाकांवर विसावले. चौकटवाले काचवाल्यांची चेष्टा करीत होते.

"पाठमोरे, तुम्ही तर स्वतः चालून आलात गोळीकडे. आमंत्रण होतं काय?"

"होतं," पाठमोरे म्हणाले.

साडू तोंडावर पाणी मारीत होता. त्याच्या अंगावर रंगाचा एकही डाग नव्हता. पाठमोरे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि बोलणे कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी दुसरा नळ सोडला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डोळे."

साडूने नळ बंद केला. मग काही तरी करायला हवे म्हणून पुन्हा सोडला.

"ते बँकेचं दार फुटलं होतं ना, तेव्हापासून," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कपची भुवईत घुसली होती. त्यानंतर काही अंगावर येईलसं वाटलं की मिटतात. मी नाही मिटत, आपोआप मिटतात. क्षणभरच. बाकी सगळा वेळ उघडे असतात, शप्पथ."

"आणि 'मोकळं आहे' कोण म्हणतं?"

"सवयीनं तोंडातून जातं."

बँकेच्या दाराला चार वर्षे होऊन गेली होती. पाठमोरे मनातल्या मनात जिने आठवू लागले. दवाखान्याचा गोल जिना. वाचनालयाचा, कठडा नसलेला. तो लोखंडी, ज्याच्या पायऱ्यांमधून खालचा रस्ता दिसत असे. प्रत्येक जिन्यावर ते पाठमोरे चढले होते, निर्धास्त, कडेवर नजर ठेवून. घडून गेलेल्या गोष्टीचे भय इतके ताजे असू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"माझा पाय चुकला नव्हता तर," ते म्हणाले.

साडूने पुन्हा तोंडावर पाणी मारले. मग म्हणाला, "दवाखान्यात सांगणार होतो. तुम्हीच म्हणालात, जाऊ दे, पाय माझाच. मग धीर झाला नाही. तुम्ही ताईंना सांगाल, ताई हिला सांगतील... आणि मग हे काम गेलं, साडूभाऊ, तर मला दुसरं येतं काय?"

पाठमोरे यांची मूठ वळली. ती तशीच त्यांनी पाण्याखाली धरली.

इतक्यात मुकादम चहाचा पेला घेऊन आले. "काय, दोघं साडू सासऱ्याच्या इस्टेटीची वाटणी करताय काय? सोमवारच्या काचेला तुम्हीच ना? नाव पाठवायचंय मला."

साडूने जमिनीकडे पाहिले.

"शेवटच्या डावानंतर सांगतो," पाठमोरे म्हणाले.

मुकादम गेल्यावर त्यांनी बरगडीवरचा रंग धुऊन टाकला आणि मुखवटा पट्ट्यासकट पुसून डोक्यावर चढवला.

"ऐक. ह्या डावात मी उघड्यावर उभा राहणार. तू फळ्यांमागून माझ्याकडे बघायचं. बंदूक खाली ठेव. फक्त बघ."

"कशाला?"

"मला किती गोळ्या लागल्या ते नंतर विचारीन. मला स्वतःला मोजता येणार नाहीत."

"आणि मिटले तर?"

"मिटले तर तसं सांग. अंदाजानं सांगू नकोस. एवढंच मागतो तुझ्याकडे."

साडूने मुखवटा चढवला आणि तो फळ्यांकडे चालू लागला.

शिट्टी झाली. पाठमोरे पिंपापर्यंत गेले, परंतु त्याच्या आड बसले नाहीत. ते मैदानाच्या मध्यभागी चालत गेले आणि तिथे त्यांनी बंदूक खाली टाकली. चौकटवाल्यांना प्रथम हा काही तरी डाव वाटला. क्षणभर कोणीच गोळी झाडली नाही, आणि तो क्षण सगळ्यात वाईट होता. पळ, असे अंगातला कण न् कण सांगत होता. बाजूला फळ्यांआड काय चालले आहे हे पाहण्याची अनिवार इच्छा त्यांनी दात आवळून आवरली. आता वळून पाहिले असते, तर विचारण्यासारखे काही उरलेच नसते.

मग चौकटवाल्यांच्या बंदुका एकदम फुटल्या. सारे काही पिवळे झाले. कुठे बसले, कितीदा बसले, काही कळले नाही. पंचाने शिट्टी वाजवली तेव्हा ते अजून उभेच होते.

फळ्यांआडून साडू बाहेर आला. मुखवट्यात त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"किती?" पाठमोरे यांनी विचारले.

"चार."

"नक्की?"

"चार," साडू म्हणाला.

पाठमोरे यांनी स्वतःकडे पाहिले. छातीवर एक. डाव्या दंडावर एक. मांडीवर एक. त्यांनी सदरा ओढून पोट पाहिले, बाह्या उलटसुलट केल्या, पाठीवरून हात फिरवून तळवा डोळ्यांसमोर धरला. तळवा कोरडा होता. तीनच. साडू समोरच उभा होता.

कुंपणापाशी मुकादम हातात कागद घेऊन उत्तराची वाट पाहत होते.

पाठमोरे यांनी हळूहळू मुखवटा उतरवला आणि हातात उलटा धरला. कानामागून जाणाऱ्या पट्ट्यावर, बक्कलाच्या खाचेत, चौथ्या गोळीचा पिवळा रंग अजून ओला होता.