पॅड सोडायची शपथ

भूपेशनं बॅगेतून पॅड काढला, तेव्हा नागसेनला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचा असेल. माणसानं भोळं तरी किती असावं! समोर गडी आरामात वायर सोडवतोय, मशीनला लावतोय, अंगठा बटनावर दोनदा घासून पाहतोय, आणि हा येडा मनात म्हणतोय की कोणाचा तरी धरून ठेवला असेल बिचाऱ्यानं.

नागपूरच्या मनीषनगरातलं ते मंगल कार्यालय. लग्नाची तिथी नव्हती म्हणून त्या रविवारी स्पर्धेला मिळालं होतं. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या भिंतीला सरकवून स्टेजवर दोन मोठे स्क्रीन लावले होते. मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा, बत्तीस खेळाडू, आणि जिंकेल त्याला बंगळूरच्या एका टीममध्ये वर्षभराची जागा. राहणं, खाणं, पगार, सगळं टीमचं. पण जागा एकच.

ती जागा नागसेन मेश्रामला पाहिजे होती. नुसती पाहिजे होती असं नाही, जीव अडकला होता तिच्यात. चोवीस वर्षांचा पोरगा, धंतोलीतल्या औषधांच्या दुकानात दिवसभर बिलं फाडायचा. आई, माया, शेजारच्याच दवाखान्यात आया होती. आईला त्यानं शब्द दिला होता, ही एक स्पर्धा खेळतो; नाही जमलं तर गेम कायमचा बंद, फार्मसीचा फॉर्म भरतो. आणि नागसेनचा शब्द म्हणजे शब्द. एकदा बोलला की संपलं. खरं सांगायचं तर याच गुणानं त्याचा घात केला.

आता हे पॅड आणि स्टिकचं प्रकरण काय, ते ऐका. पॅड म्हणजे दोन्ही हातांत धरायचा तो नेहमीचा रिमोट. त्यात डावा अंगठा सगळं काम करतो. स्टिक म्हणजे मांडीवर ठेवायचं एक खोकं. डाव्या हाताला गोल मुठीचा दांडा, उजव्या हाताला आठ बटनं. जुन्या व्हिडिओ पार्लरच्या मशीनवर असायची तशी. या दोन्हींत भारी काय, यावरून नागपूरच्या पोरांत जेवढी भांडणं झाली, तेवढी सावजी मटणाच्या तिखटावरूनही झाली नसतील.

वर्षापूर्वीपर्यंत नागसेन पॅडवाला होता, आणि असा पॅडवाला की त्याच्यासमोर बसायला पोरं कचरायची. तो गेममधला जाडजूड पहिलवान घ्यायचा. या पहिलवानाचा मोठा डाव बसवायचा तर एका दमात दिशेच्या बटनावर अंगठा पूर्ण गोल फिरवावा लागतो आणि मग बटन दाबावं लागतं. भल्याभल्यांना पॅडवर ते जमत नाही. नागसेनचा अंगठा असा फिरायचा की समोरच्याला कळायच्या आत तो आपटलेला असायचा. भूपेश निमजे त्याचा जिवलग दोस्त, चार वर्षांचा. या चार वर्षांत भूपेशनं त्याला हरवलं असेल ते बोटांवर मोजण्याइतकं.

आणि एक दिवस भूपेशच म्हणाला, "अबे नाग्या, अंगठ्यावर किती दिवस काढशील? गोल फिरवायले दांडाच पाहिजे. तिकडं बंगळूरले सारे मोठे खेळाडू स्टिकवर खेळून राहिले. पॅड म्हणजे लेकरांचं काम."

"मले जमते ना पण पॅडवर."

"आज जमते. उद्या अंगठा गेला म्हणजे? पाह्य, कसा सुजला तो."

अंगठा सुजायचा, हे खरं होतं. भूपेशचे वडील, बबनराव, तांडापेठेत राहायचे. हातमाग बंद पडल्यापासून लाकडी देव्हारे बनवायचे. त्यांनी दोघांसाठी दोन सागवानी खोकी करून दिली. नागसेनचा पंजा पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली, त्या मापानं बटनांची भोकं पाडली, कडा घासून घासून मऊ केल्या. त्याच दिवशी, काका चहा सांगायला बाहेर गेले असताना, दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारून शपथ घेतली. आजपासून पॅड बंद. घरातही ठेवायचा नाही, नाहीतर हात परत तिकडंच जाते, असं भूपेश म्हणाला. नागसेननं आपला पॅड नरखेडच्या मामेभावाला देऊन टाकला, बसस्टँडवर जाऊन स्वतः त्याच्या हातात दिला. भूपेश म्हणाला, मीही माझा उमरेडच्या आतेभावाला दिला. नागसेननं मान डोलावली. दोस्ताला पुरावा कोण मागतो?

मग वर्षभर काय हाल झाले म्हणता! बोटांना सवय नाही, मनगट ऐकत नाही. घाईत दांडा वरच्या बाजूला जरा जास्त लागायचा आणि पहिलवान गोल फिरून डाव टाकायच्या ऐवजी टुणकन उडी मारायचा. उडी मारली की मेला. भूपेशही दर रविवारी शेजारी बसून तसाच रडायचा, तशाच शिव्या घालायचा. "वर्ष लागतेच गा स्टिकले," म्हणायचा. नागसेनला त्यात मोठा आधार वाटायचा. बुडतोय तर बुडतोय, दोघं मिळून बुडतोय.

आणि आज हा पॅड.

"अबे, हे काय?" नागसेननं स्टेजजवळ जाऊन विचारलं.

"मनगट दुखून राहिलं सकाळपासून," भूपेश स्क्रीनकडे पाहतच म्हणाला. "हिमानीच्या सेंटरमधला उचलून आणला. पाहू, कसं जमते ते."

जमलं. असं जमलं की समोरच्या पोराला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. नागसेन आ वासून पाहत राहिला. वर्षभर पॅडला हात न लावलेल्या माणसाचा अंगठा असा चालत नाही, हे नागसेनपेक्षा जास्त कोणाला कळणार?

हिमानी स्पर्धेची पंच होती. बेसा रोडवर तिचं गेमिंग सेंटर होतं. नागसेननं तिला गाठलं. "हिमानीताई, आज भूपेशले पॅड तू दिला?"

"मी काहून देऊ? त्याचाच तर आहे," ती हातातल्या कागदावर खुणा करत म्हणाली. "रोज दुपारी येते ना तो सेंटरवर. आठ-नऊ महिने झाले. दोन-दोन तास बसते. काहून, तुले माहीत नाही?"

नागसेननं मनात हिशेब मांडला. रोज दुपारी. म्हणजे हा दुकानात खोकल्याच्या औषधांची बिलं फाडत असायचा तेव्हा. आणि रविवारी तोच माणूस शेजारी बसून स्टिकवर मुद्दाम चुकायचा, वर शिव्या घालायचा! हरामखोरीलाही काही मर्यादा असते की नाही? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापून घेणारा वर्षभर मान पुढं करून बसला होता.

त्यानं भूपेशला भटारखान्याच्या बाजूच्या बोळात नेलं. "शपथ कोणी घातली होती बे? सांग ना. कोणी?"

भूपेश आधी हसला. मग नागसेनचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं. "सीट एकच आहे, नाग्या."

"म्हणून मले लंगडं केलं?"

"तर काय करू?" भूपेश एकदम चिडला. "चार वर्षं मार खाल्ला तुह्या पॅडचा. पॅडवर तू असता तर मले कधी जिंकू दिलं असतं का? मलेही जायचं आहे बे. आयुष्यभर देव्हाऱ्यांले पॉलिश मारत बसू का?"

नागसेनला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात उठलाही असता, पण तेवढ्यात माईकवर त्याचं नाव पुकारलं. रडूही येत होतं आणि रागही. मामेभावाला फोन करून पॅड मागवावा, तर नरखेडहून गाडी यायला दोन-अडीच तास. दुसऱ्या कोणाचा मागावा, तर अंगठ्यात आता ती जान कुठं उरली होती? जे हातात होतं तेच घेऊन तो खेळायला बसला.

राग माणसाला कधी कधी बरं खेळवतो. नागसेन एकेक सामना कसाबसा काढत गेला. पहिलवान उड्या मारायचा, मार खायचा, परत उठायचा. भूपेश दुसऱ्या बाजूनं लोणी कापावं तसा येत होता. चार वाजता फायनलला समोरासमोर हे दोघंच उरले. तोपर्यंत बबनराव येऊन मागच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "दोघंही माहेच पोट्टे," ते शेजारच्याला सांगत होते. "कोणीही जिंको."

पाचातले तीन जिंकायचे. दोन-दोन झाले. शेवटच्या गेमचा शेवटचा राउंड आला. स्क्रीनवरच्या दोन्ही गड्यांचा जीव अर्ध्यावर आला होता, आणि अचानक स्क्रीन थांबला. मधोमध मोठ्या अक्षरांत पॉज आला.

भूपेशचा अंगठा पॅडवरच्या छोट्या बटनाला लागला होता. नियम सगळ्यांना पाठ होता. चालू सामन्यात ज्याच्या हातून पॉज होईल, त्याचा राउंड समोरचा मागू शकतो. मागितला की दिला, वाद नाही. पण नागपूरच्या पोरांत एक रिवाज होता, तो असा की कोणी मागत नसे. बटन चुकून लागतं, त्याचं काय घ्यायचं? इतक्या वर्षांत कोणी मागितला नव्हता.

हिमानी पुढं आली. "नागसेन, राउंड मागतो का?"

हो म्हटलं असतं तर राउंड त्याचा, गेम त्याचा, बंगळूर त्याचं. एक शब्द फक्त. भूपेशनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. "नाग्या," तो हळूच म्हणाला, "चुकून लागलं बे. आपण कधी मागितला का कोणाले?"

अरे, माग ना! कोणत्याही शहाण्या माणसानं मागितला असता. पण नागसेनच्या डोक्यात त्या क्षणी शहाणपण नव्हतं. त्याला वाटलं, यानं शपथ मोडली म्हणून मीही रिवाज मोडू का? आणि मनाच्या तळाशी एक वेडी आशाही होती की आपण सोडून दिलं तर भूपेशला लाज वाटेल, आपला जुना दोस्त परत येईल.

"चालू दे," तो म्हणाला.

राउंड पुन्हा सुरू झाला. आठ सेकंद चालला असेल. नागसेननं डाव टाकायला दांडा गोल फिरवला, दांडा वर लागला, पहिलवान हवेत उडाला, आणि भूपेशनं त्याला हवेतच संपवला. जराही न थांबता. लाजबिज काही नाही.

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. हिमानीनं भूपेशच्या हातात ट्रॉफी दिली आणि माईक पुढं केला. "सारे विचारून राहिले भूपेश, स्टिक का पॅड?"

"पॅड!" भूपेश हसत म्हणाला. "मी तर पहिल्यापासूनच पॅडवाला. नागसेनलेही किती समजावलं, का स्टिकच्या नादी नको लागू म्हणून. पण तो ऐकते का कोणाचं?"

सगळे हसले. नागसेनच्या कानात नुसतं सुं सुं व्हायला लागलं. जागा गेली, ठीक. हरला, तेही ठीक. पण फसवलं ते फसवलं, वर साऱ्या गावासमोर यालाच हट्टी आणि मूर्ख ठरवून मोकळा! आत्ताच तर याच्यासाठी तोंडातला घास सोडला होता.

बबनराव त्याच्याजवळ आले. पोरानं दिलेली ट्रॉफी त्यांच्या हातात होती. दुसरा हात त्यांनी नागसेनच्या खांद्यावर ठेवला. "आयकाचं होतं गा बाबू त्याचं," ते मायेनं म्हणाले. "दोस्त हाय तुहा, वाईट थोडीच सांगन? मले हा म्हणे, नागसेनच मांगं लागला हाय, खोकं करूनच द्या म्हणते. म्हणून म्या केलं. नाईतर म्यानंही तुले आडवलं असतं."

काकांच्या मागं भूपेश उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो नागसेनकडे पाहून हळूच मान हलवत होता, नको सांगू म्हणून. चेहरा पॉजच्या वेळी होता तसाच, पांढराफटक.

एकदा सोडलं होतं. आता नाही.

"काका, मी नव्हतो मांगं लागलो," नागसेन म्हणाला. "स्टिक मले भूपेशनंच घ्यायले लावली. तुमच्याच घरी शपथ घेतली आम्ही, पॅड सोडायची. मी माझा देऊन टाकला. यानं ठेवला, आन् आठ-नऊ महिने रोज दुपारी चोरून खेळला. हिमानीताईले विचारा."

बबनरावांनी हिमानीला विचारलं नाही. ते मागं वळले. "खरं हाय का बे?"

"गेम आहे बाबा तो," भूपेश पुटपुटला. "गेममध्ये एवढं चालते."

बबनरावांनी ट्रॉफी त्याच्या हातात परत दिली. मग नागसेनकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले. "माफ कर बाप्पा," ते म्हणाले. "तुले अपंग करायचं सामान म्या माह्या हातानं बनवून देल्लं."

"काका, नका ना असं," नागसेननं घाईनं त्यांचे हात धरले. दिवसभर दाबून ठेवलेलं रडू आता त्याला आवरेना. ज्यानं मागायची त्याच्याकडून माफीचा एक शब्द निघाला नव्हता. त्यानं मान वर करून पाहिलं, तर भूपेश फोटो काढायला केव्हाच स्टेजवर चढला होता.