करबलाच्या मातीची कुरतडलेली वडी

मित्रांनो, मी मातीची एक जुनी वडी आहे. गोल, बिस्किटाएवढी, एका कडेला कुरतडलेली. ते उंदराचं काम नाही. उंदरावर निभावलं असतं तर मला तोंड उघडायची वेळ आली नसती.

माझा जन्म इराकमधल्या करबलाचा. तिथली माती साच्यात दाबून मला घडवलं. यात्रेला आलेल्या एका म्हाताऱ्या आईने ओढणीत बांधून मला सुरतेला आणलं. तिचा मुलगा नकीभाई तिथल्याच गोडादरा भागातल्या एका गाळ्यात साड्यांना लेस शिवतो. आई गेली, मी उरले.

माझं काम कष्टाचं नाही. नकीभाई शिया. नमाजात ते कपाळ माझ्यावर टेकतात. कपाळ टेकायचं ते मातीवर, नाहीतर मातीतून उगवलेल्या पण खाण्याच्या किंवा नेसण्याच्या नसलेल्या वस्तूवर, अशी त्यांची रीत. साड्यांच्या गाळ्यात नेसण्याचं नसलेलं काही सापडणं कठीण, म्हणून मी. शेजारच्या मशीनवरचे उस्मानभाई सुन्नी. त्यांच्या कपाळाला चटई पुरते. ते पोटावर हात बांधून उभे राहतात, नकीभाई हात सरळ सोडून.

पैगंबरांच्या मागे पुढारपण कोणाकडे जावं, यावर फार जुन्या काळी बिनसलं. सुन्नी म्हणतात, साथीदारांनी अबू बकर यांना निवडलं ते योग्यच. शिया म्हणतात, तो मान पैगंबरांचे जावई अली यांचा. अलींचे पुत्र हुसेन करबलात मारले गेले. त्यांच्यासाठी उस्मानभाईही हळहळतात. बरोबर कोण, हे मला विचारू नका. मी माती आहे. मला एवढंच माहीत की गाळ्यात चटई एक होती, उस्मानभाईंची, आणि तिच्यावर दोघे मावत होते.

शिया दोन वेळच्या नमाजा जोडून पढतात. "नकी, तेरी दो नमाजें एक फेरे में निपटती हैं," उस्मानभाई म्हणत. "सेठ से भी ऐसे ही डबल पीस का पैसा ले लिया कर."

"तू पाँच बार उठता है, इसीलिए तेरी लेस टेढ़ी जाती है."

त्याच गाळ्यात धागे कापायला अमळनेरकडची गायत्री येई, सासू सरलाबाईंबरोबर. तिला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले ते मातीचे. माहेरी आईने चुलीत भाजून चार खडे हातावर ठेवले असते. सुरतेत खाली फरशी, बाहेर डांबर. नकीभाई मला ओल्या फडक्याने पुसून फळीवर ठेवत. मग माझा वास सुटे. तो आवरण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

आधी तिने जीभ लावली. मग दात लावला. एके दुपारी कडेचा तुकडाच निघाला.

नकीभाईंनी मला उचललं आणि थेट उस्मानभाईंकडे पाहिलं. मातीशिवाय तुझा माथा टेकत नाही का, असं आदल्याच दिवशी उस्मानभाई हसत म्हणाले होते.

"मजाक ज़बान तक रखते, उस्मान. अम्मा की निशानी थी."

"मैंने हाथ भी नहीं लगाया."

"तो चूहा सुन्नी होगा."

उस्मानभाईंनी चटई गुंडाळली आणि ते गच्चीवर नमाज पढू लागले. शेठला त्यांनी सांगून टाकलं की महिना भरला की मी पांडेसऱ्याच्या दुसऱ्या गाळ्यात जातो.

गायत्री मान खाली घालून धागे कापत राहिली. एकदा धाग्याबरोबर पदरही कापला. शेवटी तिने सासूला सांगितलं.

सरलाबाईंनी कात्री खाली ठेवली. "खादं तू, नाव पडनं त्यानं. जाय, सांग त्यासले."

गायत्री दोन मशीनींच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "नकीभाई, वो मिट्टी मैंने खाई. पेट में बच्चा है, मन होता है. पूछना था. पूछा नहीं."

मशीनी थांबल्या.

नकीभाईंनी फळीवरच्या माझ्याकडे पाहिलं. "हमारे यहाँ बीमार को करबला की मिट्टी चुटकीभर देते हैं, शिफा के लिए," ते म्हणाले. "माँगती तो मैं खुद देता."

ते रागावले असते तर तिला हलकं वाटलं असतं.

"बच्चा हाथ सीधे छोड़के सोया, तो हम समझ जाएँगे," उस्मानभाई सुईत दोरा ओवत म्हणाले.

नकीभाईंना हसता आलं नाही. "उस्मान, वो चूहेवाली बात..."

"वो चूहे से बोल."

मित्रांनो, वस्तू जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते, वस्तू मोडलेली दिसली तर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघण्याआधी विचारा. आणि दुसऱ्याच्या वस्तूवर मन गेलं तर तेव्हाही विचारा. मी कडेने झिजले तरी चालते. चटईचं तसं नाही.

त्या दुपारी उस्मानभाईंनी चटई खाली आणून पसरली. मला फळीवरून काढून त्यांनीच नकीभाईंच्या जागी ठेवलं. नकीभाईंनी कपाळ टेकलं आणि उठायला नेहमीपेक्षा वेळ लावला. उठले तेव्हा कपाळावर माझा गोल ठसा होता, एका कडेला कुरतडलेला. तो न पुसता ते उस्मानभाईंच्या शेजारी लेस शिवायला बसले.