पांढऱ्या लिलीचं पिल्लू

जयसिंगरावांच्या फुलाला वास नव्हता. ते कुणी देवाला वाहत नसे, वेणीत माळता येत नसे, आणि त्याचा गड्डा तर हुबेहूब कांद्यासारखा. "बारा महिने कांद्याच्या भाऊबंदांची सेवा!" असं म्हणून कस्तुराबाई नवऱ्याला टोमणे मारत. पण चैत्रात, तिकडे कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या त्या चिमुकल्या परसात पांढरीशुभ्र, कडेला गुलाबी रेघ असलेली लिली उमलली, की गल्लीतले लोक मुद्दाम बघायला येत. लाल लिली काय, कुणाच्याही दारात असते. अशी पांढरी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. जयसिंगरावांनीच ती घडवली होती, एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावून, बी धरून, आणि पहिलं फूल येईतो चार वर्षं कळ काढून.

पराग लावले होते मात्र कावेरीनं. ही त्यांची एकुलती एक लेक तेव्हा शाळेत होती. कोंबडीचं पीस हातात धरून तिनं ते काम इतकं अलगद केलं, की पुढे जयसिंगराव येईल त्याला सांगत, "आमच्या पोरीच्या हाताला गुण आहे." त्या एका वाक्यावर कावेरी महिनाभर मिरवली.

१९५७ साली तिचं लग्न ठरलं, बेळगावात. "ओटीत काय घालू गं?" असं आईनं विचारलं, तर म्हणाली, "अण्णांच्या पांढऱ्या लिलीचं एक पिल्लू. दुसरं काही नको." मोठ्या गड्ड्याच्या कुशीला जे लहान गड्डे फुटतात, त्यांना या घरात पिल्लू म्हणत.

जयसिंगरावांना मात्र धास्तीच पडली. व्याह्यांना बागेचं भारी वेड. एकदा पिल्लू तिकडे गेलं, की काही वर्षांत साऱ्या बेळगावात पांढरी लिली! मग आपल्या परसात कोण काळं कुत्रं येणार? माणूस वाईट नव्हता हो, पण त्या फुलापुढे त्याची अक्कल गहाण पडलेली. त्यांनी लाल लिलीचं पिल्लू उपटलं, धुतलं आणि बायकोच्या हातात ठेवलं. गड्ड्यावर काही रंग लिहिलेला नसतो. कस्तुराबाईंनी ते भोळेपणानं तांदूळ-नारळाबरोबर लेकीच्या ओटीत घातलं. फूल येईतो पोर संसारात सगळं विसरून जाईल, असा जयसिंगरावांचा होरा.

कावेरी विसरली नाही. चार-पाच वर्षांनी माहेरपणाला आली, तेव्हा परत जाताना परसातली पोतंभर माती बांधून घेऊन गेली. "तिकडची माती त्याला मानवत नाही वाटतं," एवढंच म्हणाली. फूल कसं आलं हे जयसिंगरावांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मग एका वर्षी पावसानं नुसता उच्छाद मांडला. कुंड्यांत पाणी तुंबलं. जयसिंगरावांनी पांढऱ्या लिलीचा गड्डा उकरून हातात घेतला, तर बोटं आत रुतली. दुसऱ्याची तीच गत, पिल्लांची तीच गत. झाड वाटलं की टिकतं, हे काय त्यांना कळत नव्हतं? एक पिल्लू, फक्त एक खरं पिल्लू बेळगावला गेलं असतं! त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बातमी लेकीला कळली. शिमगा उरकताच ती आली. यशवंतपूर स्टेशनावर जयसिंगराव घ्यायला गेले होते; गाडीतून उतरली ती डालड्याचा डबा छातीशी धरूनच. डब्यात गड्डा होता आणि त्यातून कळीचा दांडा नुकता डोकं वर काढत होता.

"अण्णा, तुमचं फूल आणलंय," ती म्हणाली. "पण एक सांगू? रागावू नका. माझ्याकडे हे लालच फुलतं. दर वर्षी. मामंजी तर हसतात. इथली माती नेऊन घातली, तरी लालच! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुमच्या हातानं लावा, पांढरं येईल बघा."

"सरी, सरी... बरं, बघू या," एवढंच जयसिंगराव पुटपुटले. खरं बोलायची वेळ तीच होती, आणि ती त्यांनी फलाटावरच सोडली.

कळी उमलायच्या आत कावेरी बेळगावला परतली. फूल आलं ते ढळढळीत लाल. कस्तुराबाईंनी फुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे, आणि त्यांना सगळं उमगलं.

"माझ्या हातून घातलंत ना हे पोरीच्या ओटीत?" त्या म्हणाल्या. "आता तुमच्या तोंडानं तिला सांगा."

"सांगतो," जयसिंगराव म्हणाले. सांगायचं त्यांनी अगदी मनापासून ठरवलं होतं.

दसऱ्याला कावेरी आली. आई बाजारात गेली होती. पिशवी ओसरीवर टाकून ती थेट परसात धावली. "अण्णा, कुठल्या रंगाचं आलं?"

तिच्या डोळ्यांत इतकी आस होती, की जयसिंगरावांचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. निदान पोर सुखावेल तरी, असं त्यांना वाटलं.

"पांढरं," ते म्हणाले. "अगदी पहिल्यासारखं."

"होय? बाई, जीव भांड्यात पडला माझा!" कावेरी हसली. जुन्या सवयीनं तिनं कोपऱ्यातली झारी उचलली आणि कुंड्यांतल्या नव्या रोपांकडे वळली. मधेच थबकली.

"माती तर मी इथलीच नेली होती," ती म्हणाली.

कावेरीनं आपल्या हाताकडे एकदा पाहिलं आणि झारी होती तिथे परत ठेवली.

"तुम्हीच घाला पाणी, अण्णा. माझा हात नको लागायला."